म्हस्के आणि मेघकेतूचे टाके

म्हस्केने माझ्या लग्नाची पत्रिका रिजेक्ट केली होती.

खोटं सांगत नाही. पेढ्यांचा पुडा घेऊन मी स्वतः त्याच्या टेबलाशी गेलो होतो. पत्रिकेला हळदीकुंकवाची बोटं लावलेली, वर गणपती, सगळं रीतसर. म्हस्केने आधी पेढा उलटा करून पाहिला, मग पत्रिका उलटी करून पाहिली आणि दोन्ही ड्रॉवरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी पत्रिका माझ्या मशीनवर परत. वर लाल चिठ्ठी चिकटवलेली, "तारीख आणि वार जुळत नाहीत." माझं डोकंच फिरलं. लग्नाच्या पत्रिकेला कोणी लाल चिठ्ठी लावतं का? घरी जाऊन रागारागाने कॅलेंडर काढलं, तर तारीख होती रविवारची आणि छापलं होतं सोमवार. निम्म्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. पुढचे चार दिवस वडील आणि मी पाहुण्यांना फोन करत बसलो. माझ्या लग्नाला माणसं आली ती म्हस्केमुळे, आणि हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल.

आमचा कारखाना नागापूरच्या एमआयडीसीत. मी मशीन शॉपचा सुपरवायझर, म्हणजे माल करणारा. म्हस्के तपासणी विभागात, म्हणजे मी केलेला माल नापास करणारा. सोळा वर्षं आमचा हाच संसार चाललाय. त्याच्या टेबलावर तीन रंगांच्या चिठ्ठ्या असतात. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, पिवळी म्हणजे थांबवून ठेवा. हिरव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या आठवणीत एकदाच संपला, तोही उंदराने कुरतडल्यामुळे.

त्याचं एक वाक्य ठरलेलं आहे. तुम्ही कितीही सुबक वस्तू पुढे ठेवा, तो मान तिरकी करून बघणार, ओठ दुमडणार आणि म्हणणार, "दिसतं बरोबर. मोजलं का?" हे तो मला म्हणतो, भाजीवालीला म्हणतो, चष्म्याचा नंबर काढणाऱ्या डॉक्टरला म्हणतो. कॅन्टीनच्या वड्याला त्याने जाडी मोजायचा व्हर्निअर लावलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. वडा आधीच्या महिन्यापेक्षा चार मिलीमीटरने बारीक निघाला. आचारी देवाशपथ सांगत होता की हात तोच, पीठ तेच. पण पुढच्या सोमवारपासून वडा गुपचूप मूळ मापावर आला.

माल नापास झाला की चिठ्ठीबरोबर एक फॉर्म येतो. त्यात तीन रकाने. दोष काय, मूळ कारण काय, सुधारणा काय करणार. खाली दोन सह्या, एक चूक करणाऱ्याची, एक स्वीकारणाऱ्याची. मी आयुष्यात कवितेची वही भरली नाही, पण हे फॉर्म रद्दीला घातले तर गाडाभर होतील. सुरुवातीला मी मूळ कारणात लिहायचो, 'चुकून झालं.' फॉर्म परत. म्हणायचा, "शेळके, चुकून हे कारण नसतं. चुकून का झालं ते लिही." एकदा वैतागून लिहिलं, 'सवय.' तोही परत आला. सवय लिहिणारा माणूस विचार करायचा कंटाळा करतो, असं त्याने मला सगळ्या शिफ्टसमोर ऐकवलं.

असा माणूस लग्नाच्या बाजारात गेल्यावर काय होणार? एका ठिकाणी त्याने मुलीला दहावीचं वर्ष विचारलं आणि पोहे खाता खाता बोटांवर वयाचा हिशेब केला. दुसऱ्या ठिकाणी मुलीच्या वडिलांना विचारलं की फोटोत मुलगी उंच दिसते, मोजलीय का? वीसेक स्थळं त्याने नापास केली. मग स्थळांनी त्याला लाल चिठ्ठी लावली आणि विषय मिटला. आता पन्नाशीला आलाय. सावेडीत दोन खोल्यांत एकटा राहतो. आमचं घर तिथून चार गल्ल्या पलीकडे, त्यामुळे कारखाना सुटला तरी माझी सुटका नाही.

त्या दोन खोल्यांत एक लोखंडी कपाट आहे, आणि कपाटात म्हस्केचा दुसरा जीव आहे. मेघकेतू.

मेघकेतू हे आमच्या लहानपणी निघायचं एक मराठी कॉमिक. पंधरा दिवसांनी एक अंक, बत्तीस पानं, शाई हाताला लागायची. एकूण चौसष्ट अंक निघाले आणि प्रकाशकाने दुकान बंद केलं. हा मेघकेतू दिवसा हवामान खात्यात कारकून असतो. साहेबाच्या शिव्या खातो, डबा खातो, आणि संकट आलं की ढगाच्या रंगाची केप पांघरून उडतो. त्याची बहीण तारा तेवढी त्याचं गुपित जाणते. मारामारीत केप फाटते आणि घरी आल्यावर तारा ती शिवते. घरात असेल तो दोरा, लाल असो की पिवळा. चित्रकार मोठा इमानी माणूस. एकदा काढलेला टाका त्याने पुढच्या अंकात कधी पुसला नाही. त्यामुळे पहिल्या अंकातली कोरी केप शेवटच्या अंकात रंगीत टाक्यांनी भरलेली दिसते. म्हस्केने ते टाके भिंग लावून मोजलेत. एकशे बारा.

अंक वाचायला मिळतो, पण कसा? आधी रजिस्टरमध्ये सही करायची. मग म्हस्के तुमच्यासमोर पानं मोजणार, बत्तीस. परत आणलात की पुन्हा मोजणार, बत्तीस. हे रजिस्टर त्याने शाळेत असताना सुरू केलं होतं आणि तेच अजून चालू आहे. माझ्या बायकोने एकदा अंक आणला आणि पानं मोजताना त्याचं तोंड पाहून पुन्हा त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. त्यात चौसष्टपैकी एक अंक गायब, सतरावा. ताराने पहिला टाका घातला तो हाच अंक. कोणी नेला, कधी नेला, रजिस्टरमध्ये नोंद नाही. म्हस्केने संशयितांची यादी केलेली आहे. तो अंक हरवला तेव्हा मी त्याला ओळखतही नव्हतो, तरी यादीत माझं नाव आहे.

गेल्या वर्षी बातमी आली की मेघकेतूवर सिनेमा निघतोय. नव्या रूपात, मोठा खर्च, दिवाळीत प्रदर्शित. मला वाटलं, म्हस्के पेढे वाटेल. त्याने वाचलं, वर्तमानपत्र घडी केलं आणि विचारलं, "ड्रॉइंग बदललं म्हणजे रिव्हिजन झाली. रिव्हिजनवर सही कोणाची?" आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये एक रेघ बदलायची तरी मूळ डिझाइन करणाऱ्याची मंजुरी लागते. चित्रकार तर कधीच वारला होता. मग मेघकेतूला नवं रूप द्यायला मंजुरी दिली कोणी? मी म्हटलं, बाबा, सिनेमा आहे, आपण करतो तो पंपाचा बुश नाही. तो म्हणाला, बुशमध्ये चूक झाली तर एक पंप बंद पडतो, इथे काय काय बंद पडेल याचा विचार कर.

ट्रेलर आला आणि त्याच्या विभागाचं काम दोन दिवस ठप्प झालं. म्हस्केने तो मोबाईलवर थांबवून थांबवून पाहिला, स्क्रीनवर स्टीलची पट्टी ठेवून. आणि शंकांची यादी सुरू झाली. हवामान खातं गेलं कुठे? हा तर स्वतःच्या कंपनीचा मालक दाखवलाय. मालकाला संकट येतं कुठून, ते तर कामगाराला येतं. केप गुडघ्याच्या खाली चार बोटं हवी, ही पोटरीपर्यंत आलीय. अंगाला एवढी घट्ट चड्डी घातल्यावर माणूस उडेल की गुदमरेल? आणि पुन्हा पुन्हा एकच. बहीण दिसत नाही.

मी म्हटलं, अडीच मिनिटांचा ट्रेलर, सगळी माणसं कशी मावतील? तो म्हणाला, त्या मालकाची गाडी सात वेळा मावली.

मग शेवटी त्याने निकष सांगून टाकला. बाकी सगळं चुकीचं असलं तरी चालेल, केपवर एक टाका दिसला तर तो सिनेमाला हिरवी चिठ्ठी लावणार होता. एकच टाका. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण एवढी सवलत म्हस्केने माझ्या कुठल्याही लॉटला दिलेली नाही.

म्हस्केला सख्खी बहीण आहे, सुमन. चारपाच वर्षांनी लहान. मूळ गाव पारनेर तालुक्यात, वडील एसटीत कंडक्टर. नगरच्या स्टँडवरच्या स्टॉलवरून ते अंक आणायचे आणि ही दोघं कडब्याच्या गंजीवर बसून वाचायची. आईच्या जुन्या लुगड्याची केप करून म्हस्के गंजीवरून उडी मारायचा. केप फाटायची, सुमन शिवायची, घरात लाल दोरा असायचा म्हणून लालच. मेघकेतूचा पिक्चर कधी आला तर पहिला शो दोघांनी बघायचा, असं त्यांचं ठरलं होतं. हे सगळं म्हस्केने मला एकदाच सांगितलं, पारनेरला जाताना, माझ्या मोटरसायकलवर मागे बसून. त्याला नऊ वर्षं झाली.

त्या दिवशी आम्ही चाललो होतो रजिस्ट्रार ऑफिसात. वडील वारले होते आणि घर, जमीन म्हस्केच्या नावावर करायची होती. आमच्याकडची रीत अशी की बहिणी हक्कसोड लिहून देतात. कोणी आनंदाने देतं, कोणी रडून देतं, पण माहेर तुटू नये म्हणून बहुतेक जणी देतात. सुमन शिर्डीहून आली होती. तिथे तिचं आणि तिच्या नवऱ्याचं हारफुलांचं, प्रसादाचं दुकान. येताना भावाला पेढे आणले, गुलाबाचा हार आणला. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं, कारण म्हस्केच्या मते माझी सही सगळ्या फॉर्मवर एकसारखी येते.

सुमनने कागद वाचलाही नाही. कुठे सही करू विचारलं आणि केली. आणि या गृहस्थाने खिशातून भिंग काढलं.

मला वाटलं गंमत करतोय. छे. पिशवीतून कॉमिक्सचं रजिस्टर काढलं, सुमनची जुनी सही उघडली आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायला लागला. ती जुनी सही कधीची? पोरगी पाचवीत असतानाची. आणि सगळ्यांसमोर म्हणतो, शेवटचा फाटा जुळत नाही. ऑफिसातला कारकून बघतोय, वकील बघतोय, बाकावरची चार माणसं बघतायत. सख्खी बहीण स्वतःहून हक्क सोडतेय आणि भाऊ तिची सही खरी का खोटी ते तपासतोय. मला तर जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. लाज त्याला वाटायची ती मला वाटत होती.

सुमनने एक कोरा कागद ओढला आणि त्यावर चार सह्या केल्या, एकीखाली एक. कागद त्याच्याकडे सरकवला.

"यातली कोणती बरोबर वाटती ती घे, दादा," म्हणाली, आणि चहालाही थांबली नाही.

तेव्हापासून ती भाऊबीजेला आली नाही. राखी पोस्टाने यायची, बरोबर चिठ्ठी नाही. तो फोन करायचा तर नवरा उचलायचा आणि सांगायचा की गिऱ्हाईक आहे. म्हस्केने तो चार सह्यांचा कागद कपाटात ठेवलाय, प्लास्टिकच्या पिशवीत, सोळाव्या आणि अठराव्या अंकाच्या मध्ये. मी एकदा विषय काढला तर म्हणाला, वरचा ढीग मोज.

दिवाळीच्या तोंडावर म्हस्के मला संशयास्पद वाटायला लागला. एक म्हणजे त्याने माझे दोन लॉट लागोपाठ पास केले. माणूस आजारी तरी असेल नाहीतर काही लपवत असेल. दुसरं म्हणजे तो टेबलाशी बसून एक फॉर्म भरत होता, आणि मी जवळ गेलो की त्यावर हात ठेवायचा. तीन दिवस एकच फॉर्म. लिहायचा, खोडायचा. त्या आठवड्यात माझ्याकडून बुशचा एक ढीग जरा उन्नीस-बीस झाला होता. नक्की हा माझ्याविरुद्ध वर लिहितोय, आणि त्या दोन हिरव्या चिठ्ठ्या म्हणजे बळी द्यायच्या आधी बोकडाला घातलेला हार. मी बायकोला सांगितलं की यंदा बोनसबरोबर मेमो येणार.

मग त्याने विचारलं की भाऊबीजेला दुपारी बाराच्या शोला येतोस का? मेघकेतू. पहिला शो. मी म्हटलं, भाऊबीजेला माझी बहीण ओवाळायला येते. तो म्हणाला, सकाळी उरकून घे. त्याचा आवाज असा होता की मी हो म्हणालो. तिकिटं काढायला खिडकीवर मी त्याच्याबरोबर होतो आणि त्याने मागितली तीन.

तीन? मी विचारलं, तिसरं कोणाला? तो म्हणाला, एखादं जास्त असावं. म्हस्के आणि एखादं जास्त? जो माणूस पाव विकत घेताना लाद्या मोजतो? मी घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, भानगड आहे. पन्नाशीत माणसाला असं होतं. मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात शेणच भरलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी मोटरसायकलवर ऐकलेलं मला तेव्हा आठवलंच नाही.

भाऊबीजेच्या दिवशी थिएटरला तुडुंब गर्दी. म्हस्के नवा पांढरा शर्ट घालून आलेला, खिशात पेन, हातात वही आणि कापडी पिशवी. आम्ही बसलो. कडेची खुर्ची त्याने रिकामी सोडली आणि तिच्यावर पिशवी ठेवली. लोक येऊन विचारायचे, इथे कोणी आहे का, आणि तो सांगायचा, येतायत. प्रत्येक वेळी तो दाराकडे बघायचा. तिसऱ्यांदा त्याने असं बघितलं आणि माझी ट्यूब पेटली. आज भाऊबीज. पहिला शो. बहीण.

मला स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटली.

"सुमनताई येणार आहेत?" मी हळूच विचारलं.

"कळवलंय," तो म्हणाला. "भाऊबीजेला शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते. दुकान सोडून कशी येईल? न येण्याचीच शक्यता जास्त." आणि पिशवी सरळ केली.

सिनेमा सुरू झाला. म्हस्के अंधारात वहीत लिहीत होता. मधूनमधून माझ्या कानाशी शंका यायच्या. ढग खालून वर कसे चाललेत? पाऊस पडला आणि रस्ता कोरडा कसा? खलनायकाच्या डोळ्याची पट्टी आधी डाव्या डोळ्यावर होती. मागच्या रांगेतल्या एका बाईने दोनदा शूः केलं. पण मी बघत होतो, शंकांत दम नव्हता. दाराचा पडदा हलला की त्याचं पेन थांबायचं. मध्यंतरात तो फाटकापर्यंत जाऊन आला. समोसा घेतला, उलटा करून बघायचं विसरला आणि तसाच माझ्या हातात दिला.

मध्यंतरानंतर मोठी मारामारी झाली. इमारतीच्या गच्चीवर मेघकेतू आणि खलनायक, आणि केप फाटली, वरपासून खालपर्यंत, टरकन. म्हस्के खुर्चीच्या काठावर सरकला आणि त्याने माझं मनगट धरलं. जोरात धरलं. मीही देवाचं नाव घेतलं, काय वाट्टेल ते दाखवा, पण कोणीतरी सुई घेऊन या.

पडद्यावर निळा उजेड चमकला. केपचे धागे आपोआप सरपटत एकमेकांकडे आले आणि केप होती तशी कोरी झाली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

म्हस्केने मनगट सोडलं. वही मिटली. पेनाला टोपण लावलं. मग बोलला तेव्हा ऑफिसातली भाषा नव्हती, पारनेरकडची होती.

"आपोआप कसं शिवलं जाईल रे? कोनीतरी बसावं लागतंय ना शिवायला."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. त्याचा शर्ट घामाने ओला झाला होता. तो रडत होता का, ते मी बघितलं नाही. माणसाने काही गोष्टी तपासू नयेत एवढी अक्कल मला आहे.

सिनेमा संपला. आम्ही गर्दीबरोबर बाहेर आलो. आणि थिएटरच्या पायरीवर, पोस्टरखाली, मांडीवर पिशवी घेऊन सुमन बसली होती.

केस बरेच पांढरे झालेले, पण ओळखू आली. म्हस्के वरच्या पायरीवर उभा राहिला, खाली येईना. लोक त्याला धक्के मारून पुढे जात होते. शेवटी मीच खाली गेलो आणि विचारलं, ताई, आत का नाही आलात?

ती म्हणाली की सकाळचे हार करून निघाली, राहुरीपर्यंत एसटीत उभी होती. शेवटचा अर्धा तास राहिला असताना इथे पोचली. तर दारावरच्या माणसाने तिकीट बघून सांगितलं की असलं तिकीट चालत नाही. "माझं नशीबच तसलं हाय, भाऊ. जिथं जाती तिथं कागद तपासत्यात," ती म्हणाली, आणि हसली. हसली म्हणून माझ्या जिवात जीव आला.

मग तिने पिशवीतून पोस्टाने आलेला कागद काढून मला दाखवला. तो आमच्या कारखान्याचा फॉर्म होता. तीन दिवस म्हस्के हाताखाली लपवत होता तोच. वर एक चौकोन असतो, 'सोबत नमुना', आणि त्या चौकोनात या दीडशहाण्याने सिनेमाचं तिकीट डिंकाने पक्कं चिकटवलं होतं. दारावरच्या माणसाला अर्धं तिकीट फाडून हवं होतं. ते फाडायचं तर फॉर्म फाटणार.

"मी फाडू दिलं न्हाई," सुमन म्हणाली.

मी फॉर्म वाचला. वाचायला नको होता, पण माझं नाव आहे का ते बघायची इतक्या दिवसांची धास्ती होती. माझं नाव नव्हतं. दोष, 'बहिणीची सही तपासली.' मूळ कारण, 'सवय', आणि ते लाल शाईने खोडलेलं. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सही बरोबर निघाली की घर माझं एकट्याचं होणार होतं, म्हणून चूक शोधत होतो.' सुधारणा, 'सुमनचं काहीही पुन्हा तपासणार नाही.' खाली चूक करणाऱ्याची सही. स्वीकारणाऱ्याची जागा रिकामी.

म्हस्के एव्हाना खाली आला होता आणि सिनेमाबद्दल सांगायला लागला होता. दुसरं काही सुचत नसावं. हवामान खातं नाही, ताराच नाही, टाका तर एकसुद्धा नाही, पूर्ण लॉट नापास. सुमन ऐकून घेत होती. मग तिने त्याच्या खिशातलं पेन काढलं, पिशवीवर फॉर्म ठेवला आणि रिकाम्या जागी सही करून कागद त्याच्या हातात दिला. त्याने बघितला नाही. तसाच घडी करून खिशात घातला. मी बघितला होता. शेवटचा फाटा अजूनही जुळत नव्हता.

"आनी ह्ये घे," ती म्हणाली. "लग्नात नेला हुता. तुला इचारलं असतं तर सही मागितली असतीस."

जुनं पिवळं कव्हर, कडा झिजलेल्या, पाठीला पांढऱ्या दोऱ्याने शिवण घातलेली. मेघकेतू, अंक सतरा.

म्हस्केने तो दोन्ही हातांनी घेतला. अंगठा सवयीने पानांच्या कडेवर गेला, पहिलं पान मोजायला जातो तसा. तिथेच थांबला. त्याने मान तिरकी केली, ओठ दुमडले.

"दिसतं बरोबर," तो म्हणाला.

मी पुढच्या दोन शब्दांची वाट बघत उभा राहिलो. सुमनही बघत होती त्याच्याकडे. म्हस्केने अंक पिशवीत ठेवला, तिची पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि मला विचारलं की तुझ्या घरून जरा निरांजन मिळेल का? त्याच्याकडे नऊ वर्षांत लागलं नव्हतं.